ग्रुप कुठल्या ॲपवर आहे ते नंतर, यादी कुणाकुणाकडे आहे ते आधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलत्याच प्रश्नाला जाणार नाही. ऐरोली-घणसोली भागात तुमचा साडेतीनशे स्वयंसेवकांचा ग्रुप आहे. रुग्णांसाठी रक्तदाते शोधून देणं आणि दर रविवारी तीन वस्त्यांमध्ये मुलांना शिकवणं, ही दोन कामं. गेल्या महिन्यात लागोपाठ दोन गोष्टी घडल्या. एका ॲडमिनचं व्हॉट्सॲप कुणीतरी बळकावलं, त्याच्या नावानं ‘तातडीनं पैसे हवेत’ असे मेसेज गेले आणि दोघांनी पैसे पाठवलेसुद्धा. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. एकोणीस वर्षांच्या एका स्वयंसेविकेला रात्री वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतात, आणि ती कुठल्या रविवारी कुठल्या वस्तीत असते हे त्या माणसाला ठाऊक आहे. तुम्ही विचारताय : ग्रुप व्हॉट्सॲपवरून सिग्नल या ॲपवर न्यावा का, आणि यापुढे प्रत्येक सदस्याकडून आधार कार्डाची प्रत घ्यावी का?

मी ठाण्यात राहते. सोळा वर्षं माहिती-सुरक्षेच्या नोकरीत आहे आणि २०२० पासून आपल्या पट्ट्यातल्या स्वयंसेवी गटांना हीच घडी बसवून द्यायला मदत करते. तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नको’ असं आहे. कारण सविस्तर सांगते, पण त्याआधी त्या मुलीचं बघू.

तिला आज फोन करा. मेसेज नको, ग्रुपवर चर्चा तर मुळीच नको. शक्यतो जिच्याशी ती मोकळेपणानं बोलेल अशा ताईनं करावा. माझा अनुभव असा की या वयाच्या मुली घरी सांगत नाहीत, कारण घरी कळलं की पहिलं काय बंद होईल ते त्यांना माहीत असतं : रविवारचं शिकवणं. तुमच्याकडूनही तिला तीच भीती असेल. म्हणून पहिलं वाक्य हेच असू द्या की तिचं काम थांबणार नाही, तिच्या कामाची पद्धत आपण बदलू. पुढचे काही रविवार तिची वस्ती बदला, स्टेशनपासून वस्तीपर्यंत आणि परत दोघं-तिघं बरोबर असू द्या.

पुरावा आधी, ब्लॉक नंतर. कॉल लॉग, मेसेज, नंबर, वेळ या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून तिच्याखेरीज आणखी एका विश्वासू व्यक्तीकडे ठेवा. मग तिनं एकदाच, एका ओळीत लिहावं : ‘मला तुमच्याशी संपर्क नको आहे, पुन्हा फोन करू नका.’ त्यापुढे वाद नाही, उत्तर नाही. ही ओळ उपयोगी पडते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाच्या गुन्ह्याचं आहे. स्त्रीनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं त्यात येतं, आणि पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नकार लेखी असला की पुढचं सोपं जातं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, पोलीस ठाण्यातही करता येते. ऐरोली नवी मुंबई पोलिसांकडे येतं आणि ठाणे शहर ठाणे पोलिसांकडे. तिचं घर एकीकडे आणि कॉलेज दुसरीकडे असलं तरी ‘हे आमच्या हद्दीत नाही’ या उत्तरावर परत फिरू नका. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो योग्य ठिकाणी पाठवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. तो माणूस समोर येऊन उभा राहिला तर ११२. बोलायला, मार्गदर्शनाला महिला हेल्पलाइन १८१.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. फोन करणाऱ्याला तिचा नंबर माहीत असणं एकवेळ समजू शकतं, नंबर शंभर ठिकाणी असतो. पण कुठल्या रविवारी कुठली वस्ती, हे कुठे लिहिलेलं असतं? तुमच्या पाळीच्या शीटमध्ये. तुम्हीच लिहिलंय की ती गूगल शीट आहे आणि तिची लिंक ग्रुपच्या माहितीत चिकटवलेली आहे. म्हणजे हा माणूस बहुधा कुठल्याही कुलपातून शिरलेला नाही. तो ग्रुपमध्ये आहे, किंवा कधीतरी होता, किंवा ग्रुपमधल्या कुणी त्याला ती लिंक दिली. अशा वेळी ग्रुप सिग्नलवर नेलात तर तोही तुमच्याबरोबर सिग्नलवर येईल आणि शीट जिथे आहे तिथेच उघडी राहील. सिग्नल चांगलंच आहे, मी स्वतः वापरते. २०२४ पासून तिथे आपला नंबर इतरांना आपोआप दिसत नाही, ही मोठी सोय आहे. पण साडेतीनशे माणसांना नवीन ॲपवर नेताना शंभर-दीडशे मागे राहतात, आणि त्यांत नेमके ते पन्नाशीचे रक्तदाते असतात जे रात्री अकराला उठून रक्तपेढीत जातात.

हे इतक्या ठामपणे म्हणते कारण मी स्वतः यात चुकले आहे. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ इथल्या खाटा, ऑक्सिजन आणि प्लाझ्मा देणारे यांची एक शीट आम्ही पाच जणांनी सुरू केली. तीन दिवसांत ती इतकी फिरली की अद्ययावत ठेवणं पाच जणांना जमेना, म्हणून लिंक असलेल्या सगळ्यांना बदल करायची मुभा मी दिली. मीच दिली. दोन दिवसांनी कुणीतरी ऑक्सिजन सिलिंडरच्या एका ओळीतला नंबर बदलून स्वतःचा घातला. कोपरीतल्या एका कुटुंबानं त्या नंबरवर बारा हजार रुपये आगाऊ पाठवले, सिलिंडर आला नाही. प्लाझ्मा देणाऱ्यांचं पान तर त्याहून वाईट निघालं. नाव, नंबर, रक्तगट, पत्ता, आजारातून कधी उठलात, सगळं त्यात होतं. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचारच मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला, म्हणजे त्या यादीची गरज संपली. आम्ही ती काढली २०२३ मध्ये, एका दात्या बाईंनी ‘माझा पत्ता तुमच्याकडून गेला का?’ असं विचारलं तेव्हा. दोन वर्षं ती यादी कुणाच्याही उपयोगाची नव्हती आणि कुणालाही उघडता येत होती. त्या बाईंना मी नीट उत्तर देऊ शकले नाही, कारण साध्या जीमेल खात्यावरच्या शीटला कुणी कुणी पाहिलं याची यादी मिळतच नाही.

तेव्हापासून कुठल्याही गटाकडे गेले की मी ॲप विचारत नाही. वही घेते आणि विचारते : तुमच्याकडे लोकांची कोणती माहिती आहे, ती कुठे आहे, कुणाला दिसते, आणि ती नसती तर कुठलं काम अडलं असतं? चौथ्या प्रश्नावर बहुतेक रकाने गळून पडतात.

तुमची रक्तदात्यांची यादी घ्या. काम चालायला काय लागतं? नाव, रक्तगट, नंबर, जवळचं स्टेशन आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख. तारीख हवीच, कारण पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवस आणि स्त्रियांनी १२० दिवस अंतर ठेवायचं असतं. तारीख नसेल तर चुकीच्या माणसाला रात्री उठवाल. घरचा पत्ता, जन्मतारीख, नोकरीचं ठिकाण, घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर, यांतलं काहीही लागत नाही. स्टेशन पुरतं : ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. शिकवण्याच्या पाळ्यांची शीट वेगळी करा, आणि तीन वस्त्यांच्या तीन. एका वस्तीच्या चमूला दुसऱ्या वस्तीत कोण जातं हे कळण्याची गरज नाही. त्यात नुसती पहिली नावं, नंबर नाहीत. नंबर त्या वस्तीच्या समन्वयकाकडे. शीट उघडण्याची परवानगी ज्या-त्या व्यक्तीच्या ईमेलला द्या. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय कायमचा बंद.

रक्ताच्या मागणीचे मेसेजही याच प्रश्नातून गाळून घ्या. आज तुमच्या ग्रुपवर रुग्णाचं पूर्ण नाव, रुग्णालय, वॉर्ड, आजार आणि नातेवाइकाचा नंबर असा सगळा मजकूर येत असणार. सगळे गट असंच करतात. हा मजकूर दहा ग्रुपांत फिरतो आणि तासाभरात त्या नातेवाइकाला फोन येतो : ‘मी निघालोय, गाडीभाड्याचे पाचशे पाठवा.’ घाबरलेला माणूस पाठवतो. म्हणून मागणी तुमच्या समन्वयकाकडे यावी, त्यानं रक्तपेढीत फोन करून खात्री करावी, ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर साठा आहे का ते बघावं, आणि ग्रुपवर फक्त एवढंच टाकावं : कोणता गट, कुठल्या भागात, किती वाजेपर्यंत. दात्यानं समन्वयकाला व्यक्तिगत कळवावं आणि दोघांची गाठ त्यानं घालून द्यावी. यात पाच-दहा मिनिटं जास्त जातात हे मला मान्य आहे. पण त्या पाच मिनिटांत रुग्णाचा आजार साडेतीनशे लोकांपासून झाकलेला राहतो. आणि पैसे मागणारा ‘दाता’ सापडला तर चर्चा न करता काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद आहे.

आता आधार. तुमच्या प्रश्नामागची काळजी रास्त आहे, वस्तीतल्या मुलांसमोर कोण उभं राहतंय हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. पण साडेतीनशे आधार कार्डांचे फोटो येणार कुठे? एखाद्या ॲडमिनच्या फोनच्या गॅलरीत. तिथून ते आपोआप त्याच्या गूगल फोटोजमध्ये जातील, फोन घरी मुलांच्या हातात असेल, पडला की दुरुस्तीच्या दुकानात जाईल. आज तुमच्याकडे नंबरांची यादी आहे तर एका मुलीला एवढा त्रास झाला. आधारचा गठ्ठा सांभाळायची तुमची तयारी नाही, आणि नसण्यात काही कमीपणा नाही.

त्याऐवजी मी हे सुचवते. नवीन माणसासाठी आधीच्या दोन सदस्यांनी शब्द द्यावा, आणि तो शब्द कुणी दिला ते लिहून ठेवावं. ओळखपत्र समोरासमोर बघावं आणि परत द्यावं. फोटो काढू नये, ‘पाहिले, अमुक तारखेला, अमुक व्यक्तीनं’ एवढीच नोंद. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये डिजिटल सही असलेली माहिती असते, ती आधार प्राधिकरणाच्या स्कॅनर ॲपनं तपासता येते. नुसतं कार्ड बघण्यापेक्षा ते बरं. कुठे प्रत घ्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं झाकलेलं आधार घ्या. शिकवायला येणाऱ्यानं पहिले तीन रविवार जुन्या माणसाबरोबरच राहायचं, आणि कुठलाही प्रौढ कुठल्याही मुलाबरोबर कधी एकटा असणार नाही, हा नियम सगळ्यांना सारखा, तुम्हालासुद्धा. मुलांच्या सुरक्षेला याचा जितका उपयोग होतो तितका आधारच्या प्रतीचा होत नाही. आधार माणूस कोण आहे ते सांगतं, तो कसा आहे ते सांगत नाही.

मुलांचे फोटो हा तुम्ही न विचारलेला, पण याच घरातला प्रश्न. चेहरा, नाव आणि वस्तीचं नाव एकत्र बाहेर जाऊ देऊ नका. पाठमोरे फोटो, हातातली वही, फळा एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्यातली ठिकाणाची छुपी नोंद निघून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच राहते, आणि चांगल्या प्रतीचा फोटो हवा म्हणून हल्ली बरेच जण तसाच पाठवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्यानं लागू होत आहेत. तुमचा गट नोंदणीकृत आहे की नाही, मुलांची काय माहिती डिजिटल ठेवता, यावर तुम्हाला नेमकं काय लागू होईल ते ठरेल; ते एखाद्या वकिलाला विचारा. पालकांची संमती मात्र आजपासून कागदावर, मराठीत, समजावून घ्यायला लागा. त्यासाठी कायद्याची वाट बघायला नको.

आता ॲडमिनचं व्हॉट्सॲप. हे दुसऱ्या जातीचं संकट आहे. त्या मुलीला त्रास देणारा तिला ओळखतो. हे चोर तुम्हाला ओळखतही नाहीत, त्यांना फक्त ‘विश्वासातला नंबर’ हवा असतो. स्वयंसेवकांच्या ग्रुपचा ॲडमिन म्हणजे त्यांच्यासाठी उत्तम नंबर, कारण त्यानं पैसे मागितले तर लोक कारण विचारत नाहीत.

खातं दोन वाटांनी जातं, आणि कुठल्या वाटेनं गेलं ते ओळखता आलं पाहिजे, कारण उपाय वेगळे आहेत. पहिली वाट : एसएमएसनं आलेला सहा आकडी कोड कुणीतरी गोड बोलून काढून घेतो, बहुधा आधीच बळकावलेल्या ओळखीच्याच नंबरवरून. अशा वेळी तुमच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद पडतं. ताबडतोब स्वतःच्या नंबरनं पुन्हा नोंदणी करा. तुमच्या सिमवर आलेला कोड घातला की चोर त्याच क्षणी बाहेर पडतो. त्यानं मधल्या वेळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत नसतो. दुसरी वाट : तुम्हाला आठ अक्षरांचा कोड टाकायला किंवा क्यूआर स्कॅन करायला लावून त्याचं उपकरण तुमच्या खात्याला जोडलं जातं. यात तुमचं व्हॉट्सॲप नेहमीसारखं चालू राहतं, म्हणून कळतच नाही. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन अनोळखी दिसेल ते लॉगआउट करा. तुमच्या ॲडमिनला विचारा, त्याचं ॲप बंद पडलं होतं की चालू होतं? चालू असेल आणि त्यानं ही जागा तपासली नसेल तर चोर अजूनही वाचत असेल. हे आज संध्याकाळीच बघा. फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगही बघून घ्या. कोड सांगणारा फोन भलत्या नंबरवर वळवण्याची युक्ती जुनी आहे.

मग सगळ्या ॲडमिननी दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे सहा आकडी पिन, लावायचा आणि त्याला स्वतःचा ईमेल जोडायचा. त्या ईमेललाही दोन टप्पे. सिमलाही पिन लावता येतो. पिन म्हणून जन्मसाल नको. हे न करणाऱ्याकडे ॲडमिनपद ठेवू नये, माणूस कितीही जुना आणि आदराचा असो. मला हे एका ज्येष्ठ काकांना सांगावं लागलं होतं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी माझ्यासमोर बसून पिन लावला.

एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. ज्यानं ग्रुप तयार केला त्याला बाकीचे ॲडमिन ग्रुपमधून काढू शकत नाहीत. म्हणजे नेमकं त्याचंच खातं गेलं तर तुम्ही त्याला बाहेर काढू शकणार नाही. म्हणून ग्रुप कुणी तयार केला ते बघा. तो माणूस आता सक्रिय नसेल, किंवा नोकरीसाठी परदेशी गेला असेल आणि त्याचा इथला नंबर बंद पडायच्या बेतात असेल, तर नवा ग्रुप काढणंच शहाणपणाचं. काढणारच असाल तर व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ काढा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त ॲडमिनना दिसतात. सिग्नलकडून तुम्हाला जे हवं होतं त्यातलं बरंचसं इथे मिळतं आणि कुणाला नवं ॲप शिकावं लागत नाही. लहान चमूंचे ग्रुप त्याच्या आत. आमंत्रणाची लिंक बदला, नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं ठेवा.

पैशांबद्दल थोडक्यात. ग्रुपवर पैसे कधीही, कुठल्याही कारणानं, कुठलाही ॲडमिन मागणार नाही, असा नियम करून ग्रुपच्या वर्णनात लिहा. अपवाद ठेवू नका, कारण चोर नेमका अपवादच सांगतो. ज्या दोघांचे पैसे गेले त्यांनी स्वतः १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, महिना झाला असला तरी. पुढच्या वेळी पहिल्या काही मिनिटांत करावा, म्हणजे पैसे पुढे सरकण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता राहते. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे. लग्नपत्रिका, चलन, ‘यादी’ असल्या नावानं ‘एपीके’ फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, ग्रुपवर आली तर ती कुणीही उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. ॲडमिननं ती सगळ्यांसाठी डिलीट करायची.

इथपर्यंत झालं ते बंदोबस्ताचं. पण बंदोबस्त असूनही एखाद्या दिवशी काहीतरी होणारच, आणि त्या दिवशीचा पहिला तास ठरलेला नसतो म्हणून नुकसान वाढतं. तुमच्याकडेही तसंच झालं असणार : ॲडमिनचा विचित्र मेसेज आला, दहा जणांनी त्यालाच व्हॉट्सॲपवर ‘तूच आहेस ना?’ विचारलं, चोरानं ‘हो’ म्हटलं.

म्हणून एक पानभर कागद करा. त्यात चार नावं. एक जण त्या ॲडमिनला साधा फोन लावेल, व्हॉट्सॲप कॉल नाही. आवाज ओळखून, आधी ठरवलेला खुणेचा शब्द विचारून. दुसरा लगेच ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ हे चालू करेल आणि संशयित खात्याचं ॲडमिनपद काढेल. तिसरा आधीच लिहून ठेवलेली सूचना टाकेल, कारण घाईत लिहिलेल्या सूचनेतून घबराट पसरते. चौथा स्क्रीनशॉट गोळा करेल आणि ज्याचे पैसे गेलेत त्याला १९३० लावून देईल. प्रत्येकाला एक बदली माणूस; ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत अडकलेला माणूस तासभर फोन उचलत नाही. कागद खरंच छापा, चौघांच्या घरी ठेवा. त्याच पाकिटात गटाच्या गूगल खात्याचे बॅकअप कोड दोघांच्या घरी, वेगवेगळ्या इमारतींत. एकाच माणसाच्या व्यक्तिगत जीमेलवर सगळा गट चालत असेल तर आधी गटाचं वेगळं खातं काढा.

हा कागद वर्षातून दोनदा तपासायला मी गटांना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट सुचवते. झेंडावंदनाला तुम्ही तसेही भेटता, चहानंतर अर्धा तास पुरतो. कोण सोडून गेलं, कुणाची परवानगी काढायची राहिली, कुठली यादी आता कामाची नाही. आणि एकदा सगळ्यांना सांगून तालीम करा : ‘समजा आत्ता या ॲडमिनचं खातं गेलं.’ एका गटात तालमीच्या वेळी कळलं की चारपैकी तिघांकडे एकमेकांचे नंबर फक्त व्हॉट्सॲपवर होते.

यातलं किती करायचं ते तुमच्या परिस्थितीवर आहे. खाडीकाठी फ्लेमिंगो मोजणाऱ्या वीस जणांच्या गटाला मी यातलं निम्मंही सांगत नाही. त्यांना ‘पुढच्या रविवारी साडेसहाला इथे भेटू’ असं जाहीर लिहू नका एवढं पुरतं. उलट घरगुती हिंसेतून सुटलेल्या स्त्रियांसाठी काम असेल तर मी लिहिलेलं कमी पडेल, तिथे त्या कामातल्या अनुभवी संस्थेबरोबर बसून आखणी करावी लागते. तुम्ही मधे आहात, पण मुलं आणि रुग्ण दोन्ही तुमच्याकडे आहेत, म्हणून मी कडक बाजूला झुकते. सगळं एका आठवड्यात होणार नाही. त्या मुलीशी बोलणं, शीट बंद करणं आणि ॲडमिनचे पिन, ही तीन कामं मात्र याच आठवड्यात.

राहिली जुनी शीट. रकाने पुसून ती पुढे वापरू नका. पुसलेला मजकूर आवृत्त्यांच्या इतिहासात राहतो आणि ज्यांना बदल करायची मुभा आहे त्यांना तो परत बघता येतो. आधी शेअरिंग पूर्ण बंद करा, तिच्या आत्ताच्या स्थितीचे स्क्रीनशॉट तक्रारीसाठी ठेवा, लागतील तेवढेच रकाने नव्या शीटमध्ये उतरवा. पोलिसांना मूळ शीट लागू शकते, म्हणून त्यांना विचारल्यावरच ती काढा. काढलेली फाइल कचरापेटीत तीस दिवस राहते, तिथूनही काढा. कुणी आधीच प्रत उतरवून घेतली असेल तर ती आता परत येणार नाही, आणि हे सदस्यांपासून लपवू नका. ग्रुपवर असं काहीसं लिहा :

‘नमस्कार. आपल्या स्वयंसेवकांची आणि रक्तदात्यांची यादी काही काळ लिंक असलेल्या कुणालाही दिसत होती. ही आमची चूक आहे. ती आता बंद केली आहे. त्यात तुमचं नाव, नंबर आणि रविवारच्या पाळ्या होत्या. अनोळखी व्यक्तीनं या माहितीच्या आधारे संपर्क केला असेल तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट ठेवा आणि आम्हाला साधा फोन करा. तुमचं नाव यादीतून काढायचं असेल तर कळवा, कारण विचारलं जाणार नाही.’

खाली दोन समन्वयकांचे नंबर द्या, त्यांतली एक स्त्री असावी. आणि पाठवण्याआधी हा मजकूर त्या मुलीला वाचायला द्या. तिच्याकडे बोट जाईल असा एखादा शब्द तिला वाटला, तर तो काढून मगच पाठवा.